मावशीला वाचून दाखवलेला कागद

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, डायरीतही नाही. डायरी मी इंग्रजीत लिहिते, आणि इंग्रजीत स्वतःला सोडवून घेणं मला फार सोपं जातं. लॅबच्या इंग्रजीत कुणी काही करतच नाही. द्रव ओतला जातो, काप घेतले जातात, चूक होऊन जाते. ती करणारी बाई वाक्यातून कधीच निघून गेलेली असते. म्हणून हे मराठीत. शाळेत मराठी ही माझी तिसरी भाषा होती, आणि आई अजूनही पाहुण्यांना कौतुकानं सांगते की आमच्या हिला मराठी पेपर वाचायला जड जातो. जड जातो हे खरं. आज ते बरंच आहे.

आधी एक शब्द बाजूला काढून ठेवते. बुजरी. नालवाडीतल्या आमच्या गल्लीत, शाळेत, लॅबमध्ये — सगळीकडे माझ्यासाठी हाच शब्द. किती सोयीचा आहे तो, तुम्हाला कल्पना नाही. बुजरी मुलगी गप्प बसली तर तो तिचा स्वभाव. तिनं खाली पाहिलं तर चांगलं वळण. तिला कुणी विचारत नाही की तू आत्ता गप्प का बसलीस. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि यातली बरीच वर्षं मी या शब्दाच्या आडोशाला काढली आहेत. मी बुजरी नाही. मी भित्री आहे. दोन्हीत काय फरक आहे ते पुढे कळेलच.

वर्ध्याजवळच्या एका लॅबमध्ये मी संशोधन करते. विषय मज्जारज्जू. पांढऱ्या उंदराचा मज्जारज्जू बाहेर काढला की शिजवलेल्या जाड शेवईसारखा दिसतो — मऊ, फिकट, कुठूनही सारखाच. कातडीला जे काही लागतं, स्पर्श, चटका, खाज, त्याची पहिली बातमी तिथे पोचते. बातमी नेणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांच्या भोवती आणखी एक जात असते, चांदणीच्या आकाराची. तिला अॅस्ट्रोसाइट म्हणतात. पूर्वी समज असा होता की या चांदण्या म्हणजे नुसती भर, काचेच्या सामानाभोवती भुसा घालतात तशी. तसं नाही. त्या सगळ्या एकसारख्याही नाहीत. वरच्या थरातल्या वेगळ्या, खालच्या वेगळ्या. एकाच थरातही दोन प्रकारच्या शेजारी शेजारी बसलेल्या सापडतात. एखादी नस दुखावली की वरच्या थरातल्या काही चवताळतात. जखम भरते, कातडी पूर्ववत होते, पण त्या शांत होत नाहीत. मग साधा स्पर्श जाळायला लागतो. कापूस टेकला तरी जाळतो. नेमक्या कोणत्या चांदण्या हे करतात, ते पाहायचं माझं काम होतं. लोकांना सांगताना मी मान खाली घालून सांगायचे आणि त्यांना ते फार नम्र वाटायचं.

वच्छलामावशी आमच्या अॅनिमल हाऊसमध्ये कंत्राटावर होती. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि चिरफाडीच्या दिवशी माझ्या बाजूला उभं राहून डिश धरणं. माहेर-सासर दोन्ही आर्वीकडचं. चौथीपर्यंत शिकलेली, मराठी वाचता यायची, सही करता यायची. तोंडानं फटकळ. सरांसमोर, म्हणजे माझ्या गाइडसमोर, मला मॅडम म्हणायची, ते गेले की पोरी. उंदरांना तिनं नावं ठेवली होती, आणि ती नावं लॅबमधल्या माणसांची होती. सरांच्या नावाचा उंदीर सगळ्यात लठ्ठ होता आणि सारखा झोपलेला असायचा. मी हसायचे नाही. आतून हसायचे. तेवढंही तिला दाखवायचं नव्हतं मला.

आता त्या खाचेबद्दल. मी हे टाळत आले आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमच्या उंदरांची डाव्या पायाची नस बांधलेली असे. मज्जारज्जू बाहेर काढला की डावं-उजवं ओळखू येत नाही, म्हणून तो जागचा हलवायच्या आधी उजव्या, म्हणजे निरोगी बाजूला ब्लेडनं एक बारीकशी खाच पाडायची. पुढे महिनाभरानं मायक्रोस्कोपखाली काप पाहताना ती खाच हाच एकमेव पुरावा. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. त्या दिवशी आठ उंदीर होते आणि मी डाव्या बाजूला खाचा पाडत होते. का? काही कारण नाही. लक्ष नव्हतं. मावशी डिश धरून उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, काल तं त्या बाजूनं खाच मारली होती. आज इकून काऊन?"

तिनं विचारलं त्याच क्षणी मला कळलं. आणि मी काय केलं? "तुम्ही डिश धरा मावशी," म्हटलं, आणि पुढच्यालाही चुकीच्याच बाजूनं खाच पाडली. चौथी शिकलेल्या बाईला बरोबर ठरू द्यायचं नव्हतं. ती पिंजरे धुवायला गेली तेव्हा गुपचूप बाजू बदलली. मग संध्याकाळी बसून आठवायला लागले — किती चुकीचे झाले? चार? पाच? कोणते?

ते आठही टाकून द्यायला हवे होते. सरांना सांगायला हवं होतं. एक लाजिरवाणा दिवस गेला असता, बस. मी ते कसं निस्तरलं ते ऐका. मायक्रोस्कोपखाली ज्या बाजूला चांदण्या जास्त चमकत होत्या, ती मी जखमेची बाजू ठरवली. आणि मग तक्त्यात लिहिलं की जखमेच्या बाजूला चांदण्या जास्त चमकतात. इतकं सोपं. सर म्हणाले, निकाल फार स्वच्छ आलेत. स्वच्छ येणारच होते. मी मान खाली घातली आणि ते म्हणाले, किती साधी मुलगी आहे.

त्यानंतर मावशीनं पुन्हा कधी खाचेचा विषय काढला नाही. तिच्या न बोलण्यानं मी जास्तच अस्वस्थ व्हायचे. मी स्वतः गप्प बसते ती नेहमी काहीतरी लपवायला. मग बाकीचेही त्याचसाठी गप्प बसत असणार, असं मला वाटायचं. आपल्यासारखंच जग आहे असं मानणारी माणसं असतात ना — त्यातली मी.

त्या हिवाळ्यात मावशीला नागीण झाली. डाव्या खांद्याच्या मागून बरगडीपर्यंत पट्टा उठला. पंधरा-वीस दिवसांनी फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी जवळजवळ पूर्वीसारखी झाली, आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. पदर खांद्यावर राहीना. ती तो कमरेला खोचून, वरून नवऱ्याचा जुना मऊ सदरा उलटा घालायची, शिवण बाहेर. पंखा बंद करायला लावायची. हवा बी चावते म्हणायची. लोक हसायचे. हवा कधी चावते का? ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, वच्छलाला काम नको झालंय. आणि गंमत अशी की जोरात दाबलं की तिला बरं वाटायचं. ती जेवणाच्या सुट्टीत त्याच पाठीनं भिंतीला गच्च रेलून बसायची, डोळे मिटून. पिंजरे उचलताना मात्र कड बरगडीला नुसती घासली तरी तोंडातून आवाज निघायचा.

हलका स्पर्श जाळतो आणि घट्ट दाब सुखावतो. बाहेरच्या माणसाला हे ढोंग वाटेल. आमच्या विषयातल्या माणसाला नाही. मला नाही. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हेच लिहिलंय, उंदरांबद्दल.

आणि नुसतं माहीत होतं असंही नाही. मी तपासलं होतं.

आमच्याकडे उंदराचा पाय तपासायला नायलॉनचे केस असतात, काडीला लावलेले, बारीकपासून जाडपर्यंत. जाळीवर उंदीर ठेवायचा, खालून पंजाला केस टेकवायचा. कितव्या केसाला तो पाय उचलतो ते लिहायचं. एका दुपारी मी ती पेटी आवरत होते तेव्हा मावशी समोर येऊन बसली.

"उंदरायले पाह्यते तसं मले पाह्य एक डाव," ती म्हणाली. "मले शेपूट नाई, एवढाच फरक हाये."

मी नको म्हटलं. ती ऐकेना. पाठ करून बसली, सदरा सरकवला. मी आधी उजव्या खांद्यामागे टेकवला — सगळ्यात बारीक केस, मग त्याहून जाड, मग आणखी जाड. तिला काही पत्ताच नाही. "लावला का वं?" म्हणून विचारत होती. मग डाव्या बाजूला. सगळ्यात बारीक केस. तो इतका बारीक की तुमच्या हातावर टेकवला तर तुम्हाला डोळ्यांनी पाहावं लागेल. तो टेकला आणि तिचा खांदा उडाला. आधी खांदा उडाला, मग ती ओरडली. नाटक करणारा आधी ओरडतो. मी तीन वेळा केलं, मध्येच न टेकवता नुसतं "आता लावते" म्हणूनही पाहिलं. तेव्हा ती हलली नाही. आमच्या लॅबमध्ये त्याहून पक्कं मोजमाप क्वचितच झालं असेल. माझ्या हातून तर नाहीच.

"आता लेहून ठेव," मावशी म्हणाली. "इतक्या उंदरायचं लेहते, माह्यं बी लेह."

मी हसले. लिहिलं नाही.

मग तिनं अर्ज केला. काचसामानाच्या खोलीत बदली मागितली — बसून बाटल्या पुसायच्या, लेबलं लावायची, पिंजरे उचलायचे नाहीत. जागा रिकामी होती. तीन जणांनी ठरवायचं होतं, त्यात सर एक. अॅनिमल हाऊसमध्ये तिच्यासोबत दिवसभर मीच असायचे, म्हणून सर म्हणाले, तू काय पाहिलंस ते चार ओळींत लिहून दे, फाइलला लागेल. बदली झाली नाही तर ती फार दिवस टिकणार नाही, हे मला माहीत होतं. कंत्राटी माणसाला काम झेपेना की त्याला काढत नाहीत. पुढच्या वेळी नाव घालत नाहीत, एवढंच.

काचसामानाची खोली सरांच्या केबिनला लागून आहे. तिथली बाई सरांना चहा देते. सर चहा पिताना गप्पा मारतात. दिसलं का तुम्हाला, माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते? मावशी तिथे बसेल, सर सहज विचारतील, काय वच्छलाबाई, कसं चालायचं तिकडे — आणि ती फटकळ तोंडाची बाई सहज सांगून टाकेल, त्या पोरीनं एक डाव उलट्या बाजूनं खाचा मारल्या होत्या. अॅनिमल हाऊसमध्ये तिच्याशी कुणी बोलायला येत नव्हतं. ती तिथेच राहिलेली बरी.

मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. लिहिलं की मी यांच्यासोबत रोज काम करते. की त्या जी बाजू दुखते म्हणतात त्याच बाजूनं भिंतीला टेकून, भार देऊन, बराच वेळ आरामात बसतात. की कुणी पाहत नसतं तेव्हा त्यांना त्रास होताना मला दिसलेला नाही. की माझ्या मते त्या दुखणं वाढवून सांगतात.

पहिलं वाक्य खरं. दुसरंही खरं, आणि तेच सगळ्यात घाणेरडं. कारण त्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं, आणि वाचणारे काय अर्थ लावतील तेही ठाऊक होतं. इतकी वर्षं शिकून मी जे काही मिळवलं त्याचा सगळ्यात अचूक उपयोग मी त्या वाक्यात केला. तिसरी आणि चौथी ओळ साधी खोटी.

तुम्ही म्हणाल, सर तर जाणते होते. त्यांचं अर्धं आयुष्य याच विषयात गेलं, त्यांना भिंतीला टेकण्याचा अर्थ कळला नसेल? मीही यावर विचार केलाय. मला वाटतं, मावशीला मज्जारज्जू असू शकतो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी वाचलं, किती नेमकं लिहितेस म्हणाले, आणि बाजूला ठेवलं. त्यांच्याबद्दल मला तिरस्कार वाटतो. पण त्यांनी निदान पाहिलं नव्हतं. पेटी उघडून, केस टेकवून, खांदा उडताना मी पाहिला होता.

अर्ज नामंजूर झाला. पत्र इंग्रजीत आलं, आणि कुण्या कारकुनानं उत्साहानं माझ्या चार ओळींची सही केलेली दुसरी प्रत त्याला टाचून दिली.

ती दोन पानं घेऊन मावशी कुणाकडे आली असेल?

जेवणाची सुट्टी होती. तिनं ओले हात सदऱ्याला पुसले, कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "वाचून दे मले," म्हणाली. "तू इंग्लिश शाळेतली. बाकीचे वाचतीन अन् अर्धं पोटात ठेवतीन."

मी वाचलं. म्हणजे डोळे कागदावरून फिरवले. पहिल्या पानाबद्दल सांगितलं, जागा नाही म्हणतात. जागा होती. तिनं दुसरं पान वर घेतलं. अन् हे काय? मी म्हटलं, नियम आहेत, असेच, छापील. ती त्या पानाकडे बघत राहिली. तिला इंग्रजी अक्षरं कळत नव्हती, पण छापील काय आणि शाईचं काय ते कळत होतं. खाली निळ्या शाईची सही होती. तिच्यावरून तिनं बोट फिरवलं.

"सही कोनाची हाये?"

"साहेबांची," मी म्हटलं.

"लय सुंदर सही हाये बाप्पा साहेबाची," मावशी म्हणाली. तिनं बोट उचललं. मग म्हणाली, "माह्यासारखंच उठो त्याच्या पाठीवर. मंग समजीन."

मी मान हलवली. हो म्हणून. तिच्या शापाला मी होकार दिला आणि मला त्यात काही विचित्रही वाटलं नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. ती कागदाची घडी घालत होती आणि मला वाटलं, विचारून घ्यावं, आता विचारायला हरकत नाही. मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी खाच उलट्या बाजूनं पडली होती ते तुम्ही कुणाला बोलल्या नाहीत ना?

"कोनती खाच वं?" ती म्हणाली.

तिला आठवत नव्हतं. मी आठवण करून द्यायला लागले — आठ उंदीर, ती डिश — आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना, आणि मी थांबले. तिला खरंच काही आठवत नव्हतं. दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी तिला "तुम्ही डिश धरा" म्हणत असे.

पुढच्या कंत्राटात तिचं नाव आलं नाही. ती रोहण्याला मुलीकडे गेली. माझा प्रबंध पुढे सरकला. त्या आठ उंदरांचा तक्ता त्यात तसाच आहे, सर तो सगळ्यांना दाखवतात. पेटीतला सगळ्यात बारीक केस अजून मीच वापरते.

तिचा फोन येतो अधूनमधून. काऊन वं, विसरली का मले, म्हणते. पाठ तशीच आहे. कपाशी वेचताना बोंडाचा काटा पाठीला लागला तर चालतो, म्हणते, पण वाऱ्यानं पदर उडाला की जीव जातो. मी ऐकते. काळजी घ्या म्हणते. मी बोलत नाही फारशी, तिला सवय आहे.

मागच्या वेळी तिनं नातीबद्दल सांगितलं. यंदा तिला इंग्रजी शाळेत घातलंय, पिवळी गाडी गावात न्यायला येते. पोरगी दिसेल ते वाचत सुटली आहे — साबणाचं वेष्टन, गोळ्यांची पाकिटं, मोबाइलवरचं काय काय. मावशीच्या आवाजात इतका आनंद मी लॅबमध्ये कधी ऐकला नव्हता. "घरातले सारे कागद काढून वाचून दावते मले," ती म्हणाली. "तुह्यासारखी हुशार हाये."

छान, मी म्हटलं.

ती दोन पानं मावशीनं फेकलेली नाहीत. ती कागद फेकत नाही. आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. दुसऱ्या पानावर चार ओळी आहेत आणि सहीखाली माझं नाव, मोठ्या अक्षरांत, मीच टाइप केलेलं. माझं इंग्रजी साधं आहे. शब्द सोपे आहेत, वाक्यं लहान आहेत.